व्होल्ट उतरतात, हर्ट्झ उतरत नाहीत : जुन्या तबकड्यांच्या खोट्या साक्षीविषयी

१/ मोडी कागदावरील सुहूर सन कोणी इसवी सन म्हणून वाचला, तर आपण त्याची गय करीत नाही. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवल्याखेरीज इसवी सन हाती येत नाही, हे इतिहासाच्या नव्या अभ्यासकालाही ठाऊक असते. मग जुन्या गायकांच्या तबकड्यांना हा नियम का नाही? परदेशातून आणलेल्या यंत्रावर वाजवलेली तबकडी नेमक्या किती वेगाने फिरली हे न विचारता तिचा आवाज आपण अस्सल पुरावा म्हणून का स्वीकारतो? हा थ्रेड त्या प्रश्नासाठी आहे.

२/ जुने रेकॉर्ड प्लेअर, ॲम्प्लिफायर आणि स्पूलचे टेप रेकॉर्डर बाहेरून आणण्याचा छंद मराठी घरांत आता चांगलाच रुजला आहे. कोणाचा अमेरिकेतील मामा सामानासह परततो, कोणी जपानी बनावटीचे यंत्र जुन्या बाजारातून मिळवतो. त्यावर आजोबांच्या तबकड्या वाजतात, संगणकात उतरवल्या जातात आणि जगभर पसरतात. हेतू उत्तम आहे. परंतु या छंदात एक मंत्र पिढ्यान्‌पिढ्या जपला जातो : “स्टेपडाउन लावा, काम झाले.” हा मंत्र अर्धसत्य आहे, आणि उरलेले अर्धे असत्य आपल्या सांगीतिक इतिहासावर बेतणारे आहे.

३/ घरातील विजेला दोन अंक असतात. पहिला अंक दाबाचा, म्हणजे व्होल्टचा. दुसरा वारंवारतेचा, म्हणजे हर्ट्झचा. प्रवाह एका सेकंदात किती आवर्तने पूर्ण करतो, ते हा अंक सांगतो. भारतात २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२० व्होल्ट व ६० हर्ट्झ. जपानात १०० व्होल्ट, आणि वारंवारता मात्र अर्ध्या देशात ५० व अर्ध्या देशात ६०. पहिल्या अंकाची सर्वांना धास्ती वाटते, कारण तो चुकला की धूर निघतो. दुसरा चुकला तर बहुधा काहीच जळत नाही. म्हणूनच तो अधिक धोक्याचा.

४/ हे अंक आले कोठून? एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दिव्यांसाठी सुमारे ११० व्होल्टचा एकदिश प्रवाह पुरवला. अमेरिकेचे घर त्या अंकाच्या आसपासच राहिले. बर्लिनच्या वीज कंपनीने १८९९ मध्ये २२० व्होल्टचा मार्ग धरला. कारण साधे होते. दाब दुप्पट केला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा पुरतो, आणि त्याच तारेत उष्णतेच्या रूपाने होणारी गळती चतुर्थांशावर येते. तांबे वाचते, त्याच तारांवर अधिक ग्राहक जोडता येतात. युरोप त्या वाटेने गेला.

५/ वारंवारतेची कथाही अशीच. अमेरिकेत वेस्टिंगहाउसने ६० चा अंक रूढ केला, जर्मनीत एईजीने ५० चा. जपानने दोन्ही देशांकडून खरेदी केली. टोकियोने १८९५ मध्ये जर्मन जनित्रे घेतली, ओसाकाने १८९६ मध्ये अमेरिकन. त्या दोन खरेदींची किंमत जपान आजही मोजतो आहे. फुजी नदीपासून इतोइगावापर्यंत कल्पिलेल्या रेषेच्या पूर्वेस ५०, पश्चिमेस ६०. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडे विजेची टंचाई झाली, तेव्हा पश्चिमेकडील वीज पुरेशी वळवता आली नाही, याचे एक मोठे कारण हेच होते.

६/ “इंग्रजांनी मुद्दाम आपल्याला वेगळी वीज दिली, म्हणजे त्यांचाच माल घ्यावा लागेल,” असे एक लोकप्रिय कथानक अशा चर्चांत फिरते. ते ऐकायला चटकदार आहे. पण खुद्द इंग्रजांच्या घरी काय अवस्था होती? पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस एकट्या लंडनमध्ये दहा वेगवेगळ्या वारंवारता नांदत होत्या. राष्ट्रीय जाळ्याचा कायदा १९२६ मध्ये झाला आणि त्यानंतर ५० हा अंक तेथे स्थिरावला. भारतात आलेली यंत्रसामग्री त्याच परंपरेतून आली. हे कारस्थान नव्हते. ज्याची जनित्रे घेतली, त्याचा अंक वारशाने मिळाला.

७/ आता स्टेपडाउनकडे. ट्रान्सफॉर्मरमध्ये लोखंडी गाभ्याभोवती तारेचे वेढे असतात. वेढ्यांच्या प्रमाणात व्होल्ट उतरतात : २३० चे ११० होतात. आवर्तने मात्र जशीच्या तशी पलीकडे जातात. ५० आत गेली, ५० च बाहेर आली. शिवाजी उद्यमनगरात मोटार वायंडिंग करणाऱ्या कारागिराला विचारा, मोटारीवरील पत्र्याच्या पट्टीवर व्होल्टच्या शेजारी हर्ट्झ का कोरलेले असतात. तो हसून उत्तर देईल. त्याला जे रोजच्या कामातून कळते, ते ध्वनीच्या शुद्धतेवर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांना कळू नये, याचे नवल वाटते.

८/ कारण प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणारी साधी मोटार व्होल्ट ऐकून आपला वेग ठरवत नाही. ती हर्ट्झ ऐकते. दोन ध्रुवांची सिंक्रोनस मोटार ६० हर्ट्झवर मिनिटाला ३,६०० फेरे घेते, ५० हर्ट्झवर ३,०००. जुन्या रेकॉर्ड प्लेअरांपैकी फार मोठा वर्ग अशाच मोटारींवर चाले. पट्टा किंवा रबरी चाक त्या वेगाचे तबकडीच्या वेगात रूपांतर करी. अमेरिकेसाठी घडवलेले असे यंत्र कोल्हापुरात स्टेपडाउनवर लावले की ते सुरळीत चालते, फारसे गरम होत नाही, आणि पाचषष्ठांश वेगाने चालते.

९/ हिशेब करू. मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी ६५ फेरे घेईल. ३३ १/३ ची एलपी सुमारे २७.८ वर येईल. त्यामुळे आवाज तीन अर्धस्वरांहून थोडा अधिक खाली उतरतो. काळी चारच्या पट्टीत लावलेला षड्ज पांढरी चारच्याही किंचित खाली ऐकू येईल. ३ मिनिटे २० सेकंदांचे गाणे बरोबर ४ मिनिटांचे होईल. तान जड होईल, लय बसकी होईल, तरुण गायिकेचा आवाज प्रौढ वाटेल. ऐकणारा म्हणेल, “काय भारदस्त गायकी होती पूर्वी!”

१०/ येथे कोणी म्हणेल, एवढी मोठी चूक कानाला कळणार नाही का? बहुतेकदा नाही कळणार. आणि त्याला कारण आपल्याच संगीताचे स्वरूप आहे. वेग कमी झाला की सगळे स्वर सारख्याच प्रमाणात उतरतात. षड्ज-पंचमाचे नाते तेच राहते, राग तोच राहतो, साथीचा तंबोराही सोबत उतरतो. आपल्या संगीतात षड्ज कोठेही धरण्याची मुभा आहे. पाश्चात्त्य सिंफनी तीन अर्धस्वर उतरली तर तिची लिखित पट्टी तक्रार करील. आपल्या ख्यालाकडे अशी तक्रार नोंदवणारा कोणी नसतो.

११/ “पण मी स्ट्रोबने तपासले होते,” हा पुढचा बचाव. तबकडीच्या कडेला वा वेगळ्या चकतीवर ठिपक्यांची ओळ असते. विजेच्या दिव्याखाली ते ठिपके स्थिर दिसले की वेग बरोबर, असे मानतात. येथे एक विलक्षण फसगत आहे. ५० हर्ट्झवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, ६० वर १२० वेळा. अमेरिकन यंत्रावरील ठिपके १२० चा हिशेब धरून आखलेले असतात. कोल्हापुरात यंत्र पाचषष्ठांशाने मंदावते, आणि दिव्याचे लुकलुकणेही पाचषष्ठांशाने मंदावते. ठिपके अगदी स्थिर दिसतात!

१२/ म्हणजे आरोपी आणि साक्षीदार एकाच घरचे. दोघेही एकाच विजेवर पोसलेले, म्हणून दोघांची साक्ष तंतोतंत जुळते. एकाच बखरीवरून उतरवलेल्या दोन नकला एकमेकींना दुजोरा देतात, म्हणून घटना सिद्ध झाली असे आपण मानत नाही. दोन पुरावे स्वतंत्र असावेत, हा साधनचिकित्सेचा पहिला धडा. मग येथे तो धडा विसरण्याचे कारण काय? ५० हर्ट्झसाठी आखलेली चकती घ्या, किंवा हातातील घड्याळ लावून फेरे मोजा. तेवढे पुरेसे आहे.

१३/ खरे तर ७८ हा अंकसुद्धा विजेनेच ठरवलेला आहे. ६० हर्ट्झच्या देशांत ९२ रेघांची चकती वापरली की वेग ७८.२६ येतो, ५० हर्ट्झच्या देशांत ७७ रेघांच्या चकतीवर तो ७७.९२ येतो. ही दोन टोके कोणा संगीतकाराने निवडलेली नाहीत. गिअरचे दाते आणि हर्ट्झ यांच्या भागाकारातून ती पडली. हाच भागाकार पुढे नेऊन पाहा : ९२ रेघांची अमेरिकन चकती आपल्या दिव्याखाली ज्या वेगाला स्थिर दिसते, तो वेग आहे ६५.२. वरच्या फसगतीचा हा अंकगणिती पुरावा.

१४/ आता कोल्हापूरचा प्रश्न. येथे नुकसान कोणाचे आहे? उस्ताद अल्लादिया खाँ हे छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. जयपूर-अत्रौली गायकीचा पाया ज्यांनी घातला, त्यांच्या आयुष्यातील मोठा कालखंड या शहरात गेला. १९२२ मध्ये महाराज गेले, त्यानंतर खाँसाहेब मुंबईकडे वळले आणि १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले. या थोर कलावंताने आपला आवाज तबकडीला दिला नाही. म्हणजे त्या गायकीचे मूळ दप्तरच नाही. आपल्या हाती आहेत त्या शिष्यांकडे उतरलेल्या प्रती.

१५/ केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या तबकड्या म्हणूनच केवळ रसिकांचा ठेवा नाहीत. इतिहासाची ती प्रथम दर्जाची साधने आहेत. या घराण्याची लय कशी होती, तान किती वेगाची होती, श्वास किती लांब टिकत असे, कोणत्या वयात कोणती पट्टी धरली गेली, यावर विधाने करताना अभ्यासकाकडे याच तबकड्या असतात. मूळ पुरुष अबोल असताना साक्षीदारांच्या तोंडची वाक्ये आपण एका मोटारीच्या भरवशावर बदलायची? पाचषष्ठांश केलेली लय ही “त्या काळची संथ लय” म्हणून ग्रंथात शिरली, तर ती काढणार कोण?

१६/ आपल्या भागाला या सूक्ष्मतेची परंपरा आहे, हे विशेष. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले आणि गायकाच्या गळ्यातील स्वर आंदोलनांच्या संख्येत पकडण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या निष्कर्षांवर वाद झाले, होऊ द्या. पण जी श्रुती अर्धस्वराच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी लहान असू शकते, तिच्यासाठी त्यांनी आयुष्याची वर्षे दिली. आपण मात्र तीन अर्धस्वरांची तूट “थोडा फरक असतोच” म्हणून सोडून देतो!

१७/ परदेशी यंत्रावर सगळा दोष ढकलून मोकळे होणेही बरोबर नाही. आपले ५० हे तरी नेहमी ५० होते काय? विजेची मागणी पुरवठ्याहून वाढली की जनित्रे मंदावतात आणि वारंवारता घसरते. २००२-०३ मध्ये वारंवारतेशी दराची सांगड घालणारी पद्धत आली. तोवर ती ४८ च्या आसपास उतरणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नव्हती. ५० ऐवजी ४८ म्हणजे वेगात ४ टक्के घट, म्हणजे जवळजवळ पाऊण अर्धस्वर. सिंक्रोनस मोटारीच्या यंत्रावर त्या घटकेला मुद्रित केलेली टेप पुढे नेमक्या ५० वर वाजवली, तर गायक पाऊण अर्धस्वर वर चढलेला ऐकू येईल.

१८/ ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाला जोडले आणि भारतभर एकच वारंवारता नांदू लागली. आज ती ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात राखण्याचा नियम आहे. म्हणजे आजच्या विजेच्या शिस्तीवरून कालच्या मुद्रणाची परीक्षा करता येत नाही. साल बदलले की परिमाण बदलते. मण, शेर, कोस, बिघा यांच्याबाबत हे आपण मान्य करतो. सेकंदाला मात्र आपण अविकारी समजतो, आणि टेपवरचा सेकंद हा मोटारीने मोजलेला सेकंद असतो हे विसरतो.

१९/ कोल्हापूरने हे स्थित्यंतर स्वतः अनुभवले आहे. मूकपटाच्या काळात कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरे. वेग थोडा मागेपुढे झाला तरी चाले. १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने येथे ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट केला. गोविंदराव टेंबे यांनी त्यात हरिश्चंद्र साकारला आणि संगीतही दिले. ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली. आवाज आला आणि हाताच्या मुठीचे राज्य संपले. सेकंदाला २४ चित्रे हा अंक पाळणे भाग पडले, कारण वेग ढळला की आता गाणेच ढळणार होते.

२०/ या शहराचा खरा वारसा आठवा. बाबूराव पेंटर यांनी परदेशी कॅमेऱ्याची वाट पाहिली नाही. त्यांचे बंधू आनंदराव यंत्राच्या ध्यासातच १९१६ मध्ये गेले. पुढे बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने देशी कॅमेरा सिद्ध केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. परदेशी यंत्र उघडायचे, त्याचे गणित समजून घ्यायचे, मग ते आपल्या हाती वळवायचे, अशी ही वृत्ती होती. पेटी सोडवून स्टेपडाउन जोडणे आणि “ओरिजिनल अमेरिकन आहे” म्हणून मिरवणे हा त्या वृत्तीचा वारसा नव्हे.

२१/ आता आक्षेप घेऊ. पहिला : “वेग चुकला तर संगणकात दुरुस्त करू.” जरूर करता येईल, ६:५ एवढेच गुणोत्तर आहे. पण दुरुस्ती करणाऱ्याला चूक झाली हे कळणार कसे? यंत्र कोणते, मोटार कोणती, वीज कोणती, यांपैकी काहीही न लिहिता फाइल जगात सोडली जाते. तिच्या नकला होतात, नकलांच्या नकला होतात. दहा वर्षांनी कोणीतरी “हीच मूळ पट्टी” म्हणून तीवर टीप लिहितो. उपाय उपलब्ध असणे आणि उपाय झालेला असणे, या भिन्न गोष्टी आहेत.

२२/ दुसरा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे : सर्वच यंत्रे हर्ट्झची गुलाम नसतात. १९७० च्या दशकापासूनच्या अनेक डायरेक्ट ड्राइव्ह यंत्रांत वेग क्वार्ट्झ स्फटिक राखतो. बहुतेक कॅसेट डेकमध्ये एकदिश प्रवाहाची मोटार असते. त्यांना ५० काय नि ६० काय! काही यंत्रांत ५० व ६० साठी वेगळी पुली किंवा खटका दिलेला असतो. पण आपले यंत्र यांपैकी कोणते, हे मागची पट्टी वाचल्याशिवाय कळत नाही. माझा आग्रह त्या वाचनाचाच आहे.

२३/ तिसरा : “१९२५ पूर्वीच्या तबकड्या तरी कोठे नेमक्या ७८ वर मुद्रित झाल्या?” नाहीच झाल्या. भारतात १९०२ मध्ये तबकडीचे मुद्रण सुरू झाले, तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे वेग ७० ते ९० च्या दरम्यान कोठेही असे. पण मूळ साधनात अनिश्चितता आहे म्हणून तीत आपली निष्काळजी भर घालण्याचा परवाना मिळत नाही. कागदाला कसर लागली आहे, म्हणून त्यावर शाई सांडावी काय? मूळ वेग अनिश्चित असेल, तर आपला वेग निश्चित असण्याची गरज वाढते.

२४/ पहिल्या अंकाचीही गफलत पाहा, कारण “११० चा स्टेपडाउन” हा जपानी यंत्रासाठी बरोबर नाही. जपानी यंत्राला १०० व्होल्ट हवेत. घरचा दाब चढून २४५ झाला की ११० चा ट्रान्सफॉर्मर ११७ देऊ लागतो. १०० च्या जागी ११७ म्हणजे उष्णता देणाऱ्या भागांत सुमारे ३७ टक्के अधिक शक्ती. पन्नास वर्षांचे कपॅसिटर आणि व्हॉल्व्ह हा भार किती दिवस सोसतील? १२० चे यंत्र चुकून थेट २३० ला लागले, तर हाच हिशेब पावणेचारपटीच्या जवळ जातो. मग इतिहास नव्हे, राख उरते.

२५/ आणखी दोन गोष्टी, कारण त्या जिवाशी संबंधित आहेत. स्वस्त स्टेपडाउन पुष्कळदा ऑटो ट्रान्सफॉर्मर असतो. त्यात एकच वेढा दोन्हीकडे सामाईक असतो. घरची वीज आणि यंत्र यांत विलगीकरण नसते. तटस्थ तार तुटली किंवा प्लग उलटा बसला, तर यंत्राच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत धक्का पोचू शकतो. म्हणून दोन वेगळे वेढे असलेला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्यावा आणि आपल्या यंत्राच्या वॅटपेक्षा त्याची क्षमता बरीच अधिक असावी. दुसरे, फक्त ६० साठी बांधलेल्या गाभ्यावर ५० ची वीज अधिक ताण आणते. तो गुणगुणतो आणि तापतो.

२६/ ही गुणगुण मात्र इतिहासकाराच्या कामी येऊ शकते. विजेवर चालणाऱ्या मुद्रणालयात ध्वनी मुद्रित होताना घरच्या विजेचा बारीक गुंजारव कित्येकदा त्यात उतरतो. भारतातील मुद्रणात तो ५० च्या आसपास आणि त्याच्या पटींत सापडतो. तीच तबकडी पाचषष्ठांश वेगाने वाजवली, तर तो ४१.७ वर सरकतो. वाजवणाऱ्या यंत्राचा स्वतःचा गुंजारव मात्र ५० वरच राहतो. संगणकावर ध्वनीचा आलेख काढला की कधी कधी हे दोन गुंजारव वेगळे दिसतात. न्यायवैद्यक तपासातही विजेच्या या खुणेचा उपयोग केला जातो. स्वतंत्र साक्षीदार म्हणतात तो हा.

२७/ एक साधी कसोटी तर कोणालाही करता येईल. दहा इंची ७८ तबकडीची एक बाजू साधारण तीन ते साडेतीन मिनिटांची असते. तुमच्या हातातील फाइल न थांबता ४ मिनिटे चालत असेल, तर आधी गायकीवर लेख लिहू नका. आधी मोटार पाहा. संशय हा येथे अनादर नाही. ज्या कागदावर आपण प्रेम करतो, त्याचाच शिक्का आपण भिंग लावून पाहतो.

२८/ जगाने ही काळजी किती घ्यावी, याचा नमुना आपल्याच गायिकेच्या संदर्भात आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेलेल्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे. ती तबकडी मिनिटाला १६ २/३ फेऱ्यांसाठी घडवलेली आहे, म्हणजे एका फेऱ्याला ३.६ सेकंद. परग्रहावर कोणाला आपले सेकंद ठाऊक असणार? म्हणून तिच्या आवरणावर हा काळ हायड्रोजन अणूच्या मूलभूत संक्रमणाच्या कालावधीत मोजून कोरला आहे. सूर्यमालेबाहेरच्या अज्ञात श्रोत्यासाठी वेग लिहून ठेवला गेला. कोल्हापुरातल्या श्रोत्यासाठी तो लिहायला आपल्याला वेळ नाही?

२९/ तर मागणी मोठी नाही. जुनी तबकडी वा टेप संगणकात उतरवताना चार ओळी सोबत लिहा : यंत्राचे नाव व त्याच्या पट्टीवरील व्होल्ट-हर्ट्झ, मोटारीचा प्रकार, घड्याळाने वा ५० हर्ट्झच्या चकतीने मोजलेला प्रत्यक्ष वेग, आणि नंतर केलेली दुरुस्ती. मूळ फाइल न बदलता जपा, दुरुस्त प्रत वेगळी ठेवा. मोटार ६० ची असेल, तर ५० साठीची पुली बसवून घ्या किंवा वारंवारता बदलून देणारे साधन लावा. निव्वळ स्टेपडाउनवर विसंबू नका.

३०/ ज्यांनी आजवर कष्टाने तबकड्या जमवल्या, त्यांचे ऋण आपल्यावर आहे आणि राहील. पण ऋण मान्य करणे म्हणजे त्यांचा प्रत्येक समज मान्य करणे नव्हे. यापुढे कोणी “अस्सल जुनी गायकी” म्हणून ध्वनिफीत पुढे केली, तर राग कोणता, साल कोणते, कंपनी कोणती या प्रश्नांसोबत चौथा प्रश्न विचारा : किती फेऱ्यांवर, आणि ते कशाने मोजले? उत्तर मिळाले तर ते साधन आहे. उत्तर मिळेपर्यंत ती ऐकीव गोष्ट आहे. आवडीने ऐका, पण तिच्यावर निष्कर्ष उभारू नका.